निराश व्हायचं ते नेमकं कशाबद्दल?

ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या मतदारानं विधानसभेसाठी मत दिलं. पुढच्या पाच वर्षांत त्या एका मताचं काय काय झालं ते सलग आठवून पाहा. ज्या दोन पक्षांनी हातात हात घालून मतं मागितली, ते निकालानंतर महिन्याभरात एकमेकांपासून वेगळे झाले. राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरला लोक सकाळी उठले तोवर राजभवनात एक शपथविधी उरकलेला होता, आणि ते सरकार चार दिवसांत पडलं. २८ तारखेला शिवाजी पार्कवर तिसरीच जुळणी सत्तेवर आली. जून २०२२ मध्ये आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला गेले, आणि महिना संपता संपता मुख्यमंत्री बदलला. जुलै २०२३ मध्ये आणखी एक पक्ष फुटला आणि विरोधी बाकांवरचे नेते सरळ मंत्रिमंडळात जाऊन बसले. एकाच विधानसभेच्या मुदतीत राज्यातले चारही मोठे पक्ष सत्ता भोगून गेले. म्हणजे मतदारानं यांच्यापैकी कोणालाही मत दिलेलं असो, त्याचा पक्ष कधी ना कधी सत्तेत होताच. तरीही आपलं मत वाया गेलं असंच जवळजवळ प्रत्येकाला वाटत राहिलं.

हे रोखण्यासाठी कायदा नव्हता असंही नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा आहे. एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट वैध ठरवणारी पळवाट २००३ मध्ये घटनादुरुस्ती करून बुजवली गेली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं असा निर्वाळा दिला. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाताच राजीनामा दिला होता, म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. अपात्रतेचा प्रश्न विधानसभा अध्यक्षांकडे गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी कोणालाच अपात्र ठरवलं नाही. चूक झाल्याचं न्यायालयानं सांगितलं आणि चुकीचं फळ मात्र जागच्या जागी राहिलं. सामान्य माणसाच्या मनावर याचा जो परिणाम झाला, तो कोणत्याही भाषणानं पुसला जाणार नाही.

तेव्हा 'या देशाच्या राजकारणाचं आता काही खरं नाही' असं कोणी म्हणालं, तर मी त्याला उथळ म्हणणार नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका खानावळीत शेजारी जेवायला बसलेला मराठवाड्यातला एक तरुण मला आठवतो. राज्यसेवेची तयारी करत होता, वय तिशीकडे झुकलेलं. बोलता बोलता म्हणाला, "सर, मला राज्यघटना पाठ आहे. दहावी अनुसूची विचारा, कलम २४३ विचारा, झोपेतून उठवून विचारा. पण गावी गेलो की यातलं काहीच कुठं दिसत नाही. तिथं वाळूचा ट्रॅक्टर कोणाचा ते बघून तलाठी बोलतो. मग मी हे पाठ कशासाठी करतोय?" समोरच्या ताटातली भाकरी तशीच होती. त्याला 'धीर धर, सगळं ठीक होईल' असं सांगणं मला त्याचा अपमान केल्यासारखं वाटलं असतं. त्याची निराशा अभ्यासातून आलेली होती. काय असायला हवं हे त्याला नेमकं माहीत होतं, म्हणूनच जे आहे ते त्याला इतकं बोचत होतं.

पण त्याच्या बोलण्यात, आणि आज आपल्या सगळ्यांच्याच बोलण्यात, एक गफलत आहे. वाळूचा ट्रॅक्टर, तलाठी, आमदारांची गुवाहाटी, न्यायालयाचा निकाल, दूरचित्रवाणीवरचा आरडाओरडा, स्पर्धा परीक्षेची लांबलेली जाहिरात, या सगळ्यांची आपण एक मोट बांधतो आणि तिला 'देशाचं राजकीय भवितव्य' असं नाव देतो. मग त्या मोटेबद्दल एकच प्रश्न उरतो: आशा ठेवायची की सोडायची? इतक्या ढोबळ प्रश्नाला कोणतंही उत्तर दिलं तरी ते निरुपयोगीच असतं. आशावादी माणूस निवडणुकीची वाट पाहत घरी बसतो, निराशावादी तीही न पाहता घरी बसतो. प्रत्यक्ष वागण्यात दोघांत फारसा फरक पडत नाही.

माझं म्हणणं असं आहे की निराशेलाही पत्ता हवा. कशाबद्दल, कोणाबद्दल, किती काळ प्रयत्न करून पाहिल्यानंतर, हे सांगता येईल अशी निराशा राजकारणात मोलाची असते. महाराष्ट्राच्या इतिहासात तिचं सर्वात मोठं उदाहरण येवल्यात घडलं. आपण ते धर्मांतराची घोषणा म्हणून लक्षात ठेवतो. ते राजकीय शहाणपणाचं उदाहरण म्हणूनही वाचायला हवं.

त्याची सुरुवात महाडपासून करावी लागते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि मुंबई कायदेमंडळानं तो १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनं त्याला अनुसरून चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागद पूर्ण झाला. आणि तरी कोणी दलित माणूस त्या तळ्याचं पाणी घेऊ शकत नव्हता, कारण गावाची दहशत ठरावापेक्षा मोठी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्णांनी न्यायालयात जाऊन मनाई हुकूम आणला. हजारो माणसं महाडला जमलेली होती, चिडलेली होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि हुकूम न मोडता दावा लढवायचं ठरवलं. तो दावा खालच्या न्यायालयातून वर सरकत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. एका तळ्याच्या पाण्यासाठी, तेही कायदेमंडळानं आधीच मान्य केलेल्या हक्कासाठी, पाणी प्यायल्यापासून पुढं दहा वर्षं लागली.

या दहा वर्षांच्या मधोमध नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आहे. तो मार्च १९३० मध्ये सुरू झाला आणि काही वर्षं चालला. दगड खाल्ले, तुरुंग भोगले, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. देवळात जाण्याचा प्रयत्न त्यांनी सोडला, तो कायमचा.

ही निराशा होती. तिला दुसरं गोड नाव देण्याची गरज नाही. सवर्ण समाजाचं मन वळवून समतेचं काम होईल या आशेचा त्यांनी तिथं शेवट केला. पण पुढच्या तीन वर्षांकडे पाहा. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत त्या पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात कोकणातली खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर आला. त्यात महारही होते, कुणबीही होते. विधेयक तेव्हा पारित झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ मध्ये. ज्या माणसानं १९३५ मध्ये एक आशा जाहीरपणे सोडली, त्यानं चौदा वर्षांनी देशाच्या राज्यघटनेचा मसुदा पूर्ण केला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातही त्यांनी लोकांना निश्चिंत केलं नाही. राजकारणात समता आणि समाजात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करतो आहोत, ती वेळेवर मिटवली नाही तर ज्यांना तिची झळ बसते ते हा डोलारा उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्यांनी दिला. राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा शेवट हुकूमशाहीत होतो, हेही त्याच भाषणात आहे.

येवल्याच्या निराशेला पत्ता होता. कोणापाशी किती वर्षं मागितलं, काय उत्तर मिळालं, हे सगळं तारखांनिशी सांगता येत होतं. म्हणून ती आशा सोडल्यावर हात रिकामे झाले नाहीत, मोकळे झाले.

आपली आजची निराशा मला उलट दिशेनं आलेली दिसते. आपण प्रयत्न करून थकलेलो नाही, वाट पाहून थकलो आहोत. २०११ मध्ये रामलीला मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले, तेव्हा महाराष्ट्रातल्या शहराशहरांत संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन लोक रस्त्यावर आले. लोकपालाचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये झाला. पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. मधल्या पाच वर्षांहून जास्त काळात, कायदा झाला मग लोकपाल कुठं आहे, असं विचारायला त्या मेणबत्त्यांपैकी किती परत आल्या? एखादा माणूस येईल आणि सगळं स्वच्छ करील, ही आशा आपण दर दहा-पंधरा वर्षांनी नव्यानं बांधतो. नाव बदलतं, पक्ष बदलतो. ती आशा सोडावी असं मला मनापासून वाटतं. तिच्यामुळे फार नुकसान झालं आहे, कारण ती माणसाला प्रेक्षक बनवते आणि प्रेक्षकाला कंटाळा येणारच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. महाड, येवला ही मोठ्या माणसांची कामं. शिवाय प्रयत्न करून जे मिळवलं ते टिकतं कुठं? या आक्षेपाला मला इथंच, महाराष्ट्राच्या अनुभवातून उत्तर द्यायचं आहे, आणि ते उत्तर निम्मंच दिलासा देणारं आहे.

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसानं आपल्या पगाराची पावती काढून पाहावी. त्यात 'व्यवसाय कर' म्हणून बहुतेक महिन्यांत दोनशे रुपये कापलेले असतात. ही कपात कुठून आली हे आता फार जणांना ठाऊक नसतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तो प्रयोग राज्यभर पसरला. खडी फोडणाऱ्या बायका मजुरीसाठी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे घेऊन गेल्या. योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला गेला. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं १९७७ मध्ये केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क आहे असं म्हणणारा देशातला तो पहिला कायदा. मुंबईतला कारकून बीडच्या मजुराच्या कामासाठी दरमहा पैसे देईल अशी ही व्यवस्था होती. पुढं २००५ मध्ये तिच्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा झाला. विसापूरपासून दिल्लीपर्यंत चाळीस वर्षं.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं तो २००५ चा कायदा रद्द करून त्याच्या जागी नवा आणला. दिवस शंभराचे सव्वाशे केले हे खरं, पण खर्चाचा चाळीस टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला आणि केंद्र किती पैसे देणार ते केंद्रच आधी ठरवणार. माझ्या मते 'मागेल त्याला काम' या तत्त्वाचा कणाच त्यानं मोडला. चाळीस वर्षांत उभं राहिलेलं काम काही दिवसांच्या चर्चेत बदललं गेलं. माहिती अधिकाराचंही तसंच झालं. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं, महाराष्ट्रात राळेगणसिद्धीहून दबाव आला, २००५ चा कायदा झाला, आणि मग २०१९ मध्ये माहिती आयुक्तांच्या नेमणुकीच्या अटी बदलण्यात आल्या आणि २०२३ मध्ये खासगी माहितीच्या नावाखाली थेट माहितीच आकसवण्यात आली.

तेव्हा मिळवलेलं टिकतंच असं मी म्हणणार नाही. टिकवणारे असतील तोवरच ते टिकतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अठरा वर्षं झगडले. दर अधिवेशनात विधेयक पुढं ढकललं जायचं आणि ते पुन्हा नव्या आमदारांना समजावायला जायचे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला आणि काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला. डिसेंबरात कायदा झाला. खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडलं. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. यात आनंद मानण्यासारखं काही नाही. पण आज एखाद्या तालुक्यात बुवा बाईला चटके देतो तेव्हा पोलिसाला कलम लावता येतं, ते त्या अठरा वर्षांमुळे. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि दोन्ही मनात बाळगता आलं पाहिजे.

आता मोठ्या माणसांबद्दल. धानोरा तालुक्यात गडचिरोलीपासून तीसेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. इचंपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्धच्या ऐंशीच्या दशकातल्या आंदोलनातून त्या गावात विचार सुरू झाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं बाहेर कळली, पण खरं काम गावाच्या बैठकीत झालं. तिथला नियम असा की निर्णय सर्वांच्या सहमतीनं होईल, बहुमतानं नाही. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचं. शिवाय गावाचा अभ्यासगट. कायदे मागवायचे, वाचायचे, त्यांवर चर्चा करायची. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. घोषणा देऊन ते थांबले नाहीत हे महत्त्वाचं.

२००६ चा वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्यात बांबू हे गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. तरी ग्रामसभेनं बांबू विकायचं ठरवलं तेव्हा वनखात्यानं वाहतूक परवाना द्यायला नकार दिला. त्या परवान्याशिवाय बांबूची एक मोळीही नाक्यावरून पुढं जात नाही. म्हणजे पुन्हा महाडचंच चित्र: हक्क कागदावर, चावी दुसऱ्याच्या खिशात. गाव पत्रं लिहीत राहिलं, कायद्याचं कलम दाखवत राहिलं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. पुढं ग्रामसभेनं स्वतः लिलाव करून बांबू विकला आणि कोटीच्या घरात उत्पन्न मिळवलं. त्या वाटेनं गडचिरोली जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. खानावळीतल्या त्या तरुणाला ग्रामसभेबद्दलचं जे कलम २४३ कुठंच दिसत नव्हतं, ते इथं बांबूच्या मोळीवर दिसतं. त्याच जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात ग्रामसभांनी सूरजागडच्या लोहखाणीला विरोध केला आणि तरीही खाण सुरू झाली, हेही सांगितलं पाहिजे. एका गावाच्या यशानं दुसऱ्या गावावरचा अन्याय झाकला जात नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. गडचिरोली जिल्ह्यात ते ७० टक्क्यांहून जास्त होतं आणि मुंबईतल्या कुलाबा मतदारसंघात ५० टक्क्यांच्याही खाली. एका बाजूला जिथं कधी नक्षल्यांनी बहिष्काराची पत्रकं लावली, जिथं सरकार बहुतेकदा गणवेशातच दिसलं, तिथली माणसं जंगलातून चालत केंद्रावर गेली. दुसऱ्या बाजूला मंत्रालय ज्या मतदारसंघात आहे तिथली निम्मी माणसं फिरकली नाहीत. ज्याचं पाणी, वीज, शाळा, दवाखाना सगळं पैशानं विकत घेता येतं, त्याला राजकारणाविषयी हताश होणं परवडतं. आदिवासी शेतकऱ्याला परवडत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेले शेतकरी आठवा. दहावीची परीक्षा होती, मुलांना त्रास नको म्हणून शेवटच्या टप्प्यात ते रात्रीच चालत आझाद मैदानावर पोहोचले. पायांना फोड आले होते. वनजमिनीच्या पट्ट्यांची लेखी आश्वासनं घेऊन ते परतले, ती पुरेशी पाळली गेली नाहीत म्हणून २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा चालू लागले. त्यांना कोणी विचारलं नाही की तुम्ही आशावादी आहात का. त्यांच्याकडे तो प्रश्न विचारत बसायला वेळ नव्हता.

उद्याचा अंदाज बांधून आशा ठरवायची, तर दुर्गाबाई भागवतांनी डिसेंबर १९७५ मध्ये कराडला गप्प बसायला हवं होतं. आणीबाणीला सहा महिने होत होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री होते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी लोकांना प्रार्थनेला उभं केलं. पुढं त्यांना अटक झाली. मार्च १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीत हरतील हे त्या दिवशी कराडात कोणालाही सांगता आलं नसतं.

आता मला ज्या एका गोष्टीनं खरोखर घाबरवलं ती सांगतो. ती गुवाहाटी नव्हे.

मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे यांचंही तेच. नवी मुंबई आणि औरंगाबादची मुदत तर २०२० मध्येच संपली होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, बांठिया आयोग, प्रभागांची संख्या एका सरकारनं वाढवायची आणि दुसऱ्यानं कमी करायची, न्यायालयातल्या तारखा, अशी कारणं एकामागून एक येत गेली. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये कान उपटले तेव्हा हालचाल झाली आणि महापालिकांचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये पार पडलं. तेव्हाही काही शहरांत कित्येक नगरसेवक मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले. मधली जवळजवळ चार वर्षं राज्यातल्या मोठ्या शहरांवर प्रशासकांचं राज्य होतं. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींहून मोठं, काही राज्यांच्या अंदाजपत्रकापेक्षा मोठं. आयुक्तांनी ते मांडायचं आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच ते मंजूर करायचं. स्थायी समिती नाही, सभागृह नाही, एक प्रश्न नाही, एक सभात्याग नाही.

वस्तीत याचा अर्थ काय होता? ड्रेनेज तुंबलं की बाई आधी नगरसेवकाच्या कार्यालयात जायची, तिथं ओरडायची, त्याला पुढच्या निवडणुकीची भीती घालायची. त्या चार वर्षांत ती वॉर्ड ऑफिसला जायची, अर्ज द्यायची, शिक्का मारलेली पोच घेऊन परत यायची. अर्जाच्या त्या कागदाला कसलीच भीती नव्हती.

आणि चार वर्षांत या एका प्रश्नावर कोणत्या शहरात मोठा मोर्चा निघाला? सत्ताधारी गप्प होते हे समजू शकतं. विरोधकही फारसे बोलले नाहीत, कारण सत्ता बदलत गेली तशी प्रत्येकाला लांबणीवर टाकण्याची सोय हवीच होती. पण आपण? कट्ट्यावर, रेल्वेच्या डब्यात, सोसायटीच्या सभेत आपण गुवाहाटीच्या हॉटेलावर तासन्‌तास बोललो आणि आपल्या गल्लीचा प्रतिनिधीच अस्तित्वात नाही याकडे आपलं लक्ष गेलं नाही. दूरच्या सत्तेबद्दल तावातावानं बोलायचं आणि जवळची सत्ता हातातून गेली तरी बोलायचं नाही, हे या समाजाच्या राजकीय आरोग्याचं सर्वात वाईट लक्षण आहे. मला निराश व्हायचं असेल तर मी याबद्दल होईन. आणि ही निराशा दूर करणं दिल्लीच्या किंवा कोणा नेत्याच्या हातात नाही, आपल्याच हातात आहे, म्हणूनच ती कायमची मानायला मी तयार नाही.

आता सभागृहं परत आली आहेत. तेवढ्यानं काम भागत नाही. शहरातल्या नागरिकांसाठी क्षेत्रसभेची तरतूद महापालिका कायद्यांत २००९ पासून आहे, बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. आपल्या नव्या नगरसेवकाला या महिन्यात एवढंच लेखी विचारा: आमची क्षेत्रसभा कधी बोलावणार? तो म्हणेल, असं काही नसतं. मग कायद्याची प्रत घेऊन पुन्हा जा, आणि जाताना शेजारच्या दोघांना सोबत न्या. आणि गावात राहत असाल किंवा गावी मतदारयादीत नाव असेल, तर ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. पुष्कळ गावांत ती होते म्हणजे शिपाई वही घरोघर फिरवून सह्या आणतो. या वेळी वहीवर घरी सही करू नका. सभा कुठं आहे ते विचारा आणि तिथं जाऊन बसा.